वहीतली दोन वर्षं

आयोवा प्रांत, अमेरिका
२१ नोव्हेंबर १९४८

गनीभाई मास्तर,

इतक्या दुरून तुमच्या पायांवर डोकं ठेवते आणि लिहायला बसते.

तुमचं पत्र परवा मिळालं. गव्हाची पेरणी झाली, बांधावरची बोर यंदा लवकर लागली, हे वाचून घरी जाऊन आल्यासारखं वाटलं. इथे सगळं पांढरं झालं आहे. बर्फ पडताना आवाज होत नाही, हे आईला मुद्दाम सांगा. ती विचारत होती.

कॉलेज उत्तम चाललं आहे. आहारशास्त्राच्या वर्गात हिंदुस्थानातली मी एकटीच. परवा मला बाजरीच्या भाकरीवर बोलायला सांगितलं. अर्धा तास बोलले. शेवटी एकीने विचारलं, तिच्यावर लोणी लावतात का. मी म्हणाले, असेल तेव्हा लावतात.

माझ्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही शाळेची वही घेऊन उभे राहिलात, मुलीला बारा पूर्ण नाहीत, कायद्याने गुन्हा होईल असं सांगितलंत, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून आबा तुमच्याशी बोलत नाहीत. तरी माझं पत्र आलं की ते वाचून दाखवायला तुम्ही आमच्या वस्तीवर जाता. मी बी. ए. झाले, आमच्या घरातलं पहिलं माणूस आगबोटीत बसलं, ते त्या दिवसामुळे. खऱ्यासाठी एकट्याने कसं उभं राहायचं हे मी तुमच्याकडून शिकले. रोज आठवतं, म्हणून लिहिलं.

आता पुढचा मजकूर आबांसमोर वाचू नका.

मी ज्यांच्याकडे राहते त्या हाल्वर्सनबाई सत्तरीच्या आहेत. एकुलता मुलगा लढाईत गेला. त्याची खोली त्यांनी मला दिली, त्याचा कोट माझ्या मापाचा करून दिला. त्यांचं हृदय अशक्त आहे. जीव घाबरा झाला की चमचाभर ब्रँडी गरम पाण्यातून घ्या, असं त्यांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण बाई तीस वर्षं गावच्या दारूबंदी मंडळात आहेत, मधे अध्यक्षही होत्या. त्या दुकानात शिरल्या तर रविवारी चर्चमध्ये सगळ्या माना वळतील. म्हणून त्यांनी मला विनवलं. आणि नगरला ताडीच्या दुकानापुढे दारूबंदीसाठी दोन दिवस उन्हात बसलेली मी ब्रँडी आणायला निघाले.

इथे दारूची दुकानं सरकारी. आधी परवान्याची एक लहानशी वही काढावी लागते, घेतलेली प्रत्येक बाटली तीत नोंदतात. एकवीस पूर्ण असल्याशिवाय ती वही मिळत नाही. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. दुकानातल्या माणसाने माझी उंची पाहिली आणि वयाचा पुरावा मागितला. मी ऐटीत पासपोर्ट पुढे केला. त्याने १ जून १९२८ ही तारीख वाचली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, पुढच्या जूनमध्ये ये बाळ. मागचे दोघे हसले.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. दारूला न शिवायचं व्रतही राहिलं आणि बाईंना नाहीही म्हणावं लागलं नाही.

तुमची,
चांगुणा

⁂

बेलापूर, जि. अहमदनगर
९ डिसेंबर १९४८

चि. चांगुणा,

तुझ्या गावचे आणि शाळेचे आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे मी तो मजकूर गाळला. तुझे आबा नेहमीसारखे पाठमोरे बसून चऱ्हाट वळत होते. मी पान जरा लवकर उलटलं असेल. ते तुझ्या आईला, मुक्ताबाईंना, म्हणाले, "मास्तरला इचार, मदलं पान वाऱ्यानं गेलं का." मी खोकलो आणि बर्फाचं पुन्हा वाचलं.

मुक्ताबाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आल्या आणि गाळलेलं वाचायला लावलं. दारूचं नाव ऐकून रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मंजी ती म्हातारी औषदाबिगर ऱ्हायली?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "माज्यामुळं. मास्तर, तिला खरं कळवा. तुमी न्हाई लिवलं तर मी दुसऱ्याकडनं लिवून घीन."

म्हणून लिहितो. तू रागावशील. तो तुझा हक्क आहे.

तेहेतीस सालच्या जूनमध्ये तुझी आई तुला शाळेत घेऊन आली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुमच्या विहिरीला पाणी लागलं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे सव्वीसच्या होळीआधी चार दिवस, तुझा जन्म. मी वही उघडली. तुझी आई म्हणाली, दोन वर्षं कमी लिहा. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावलं तर गुन्हा, हा नवा कायदा मीच पारावर लोकांना समजावून सांगितला होता. तिने तो माझ्यापेक्षा नीट समजून घेतला होता. ती म्हणाली, वहीत दोन वर्षं कमी असली तर पोरीला दोन वर्षं जास्ती मिळतील.

मी लेखणी हातात धरून किती वेळ बसलो ते आठवत नाही. शेवटी लिहिलं. एक जून ही तारीख आपल्याकडे ज्याची माहीत नसते त्या सगळ्यांची, निम्मी शाळा त्याच दिवशी जन्मलेली आहे. पण साल मी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं.

चाळीस साली राहुरीची मंडळी लग्न ठरवायला आली तेव्हा तुला चौदा पूर्ण झाली होती. लग्न कायद्यात बसत होतं. मी उभा राहिलो तो खोट्या नोंदीच्या जोरावर. तू आठ वर्षं जे खरं म्हणून उराशी धरलंस ते हे आहे.

आज तू बावीस पूर्ण आहेस, तेविसावं चालू आहे. ही गोष्ट तुझ्या आईला, मला आणि घरात खुर्शीदला ठाऊक आहे. तुझ्या आबांना नाही.

गनीभाई

⁂

आयोवा
२ जानेवारी १९४९

गनीभाई मास्तर,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र माझ्या पाकिटात आलं.

उत्तर चुकलं तर चालेल, शेजारणीचं पाहून लिहिलेलं चालणार नाही, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. मॅट्रिक, पदवी, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, प्रत्येक अर्जाखाली 'वरील माहिती खरी आहे' असं छापलेलं होतं आणि त्याखाली मी सही केली. अभिमानाने केली. आता कोणत्याही कागदाकडे पाहवत नाही.

मी वॉशिंग्टनला आपल्या वकिलातीकडे आणि शिष्यवृत्तीच्या मंडळाकडे पाठवायला एक पत्र लिहून ठेवलं आहे. खरा जन्म केव्हाचा, नोंद कुणी केली, का केली, सगळं त्यात आहे. तुमचं नाव आहे. ते गाळलं तर पुन्हा अर्धंच खरं होईल. तुमचं उत्तर आल्याशिवाय पाठवणार नाही, एवढं मी तुमचं देणं लागते.

दुसरी गोष्ट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी हाल्वर्सनबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. मी फोन केला, पण बर्फामुळे डॉक्टरांना यायला दीड तास लागला. तोवर मी त्यांचे हात चोळत बसले. कपाटात काही नव्हतं. मागच्या पत्रात मी सुटल्यासारखं झालं म्हणून लिहिलं होतं, त्याची मला फार लाज वाटते. आता त्या बऱ्या आहेत. मला म्हणाल्या, तुझा दोष नाही, तू लहान आहेस. माझं खरं वय मी त्यांना सांगितलं नाही.

दुकानात मागचे दोघे हसले ते मी हसण्यावारी नेलं नव्हतं, हेही सांगून टाकते. कोपऱ्यावर उभी राहून रडले होते.

आईला विचारा, तिने मला का नाही सांगितलं.

चांगुणा

⁂

बेलापूर
२४ जानेवारी १९४९

चांगुणा, मी खुर्शीद, मास्तरांच्या घरची. तुझी आई माझ्या चुलीपाशी बसली आहे. ती बोलते तसंच लिहिते, सुधारत नाही.

चांगुणे, मास्तरांनी तुजं पत्र वाचलं नि जेवले न्हाईत. मंग मला म्हनले, तिचं बराबर हाय. त्येंनी उत्तर लिवलंय, बिनघोर धाड म्हनून. ते मी टपालात टाकू दिलं न्हाई. आदी माजं जाऊ द्या म्हनलं.

तू इचारलंस का सांगितलं न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू कुनाला तरी सांगितलं असतंस. तू लहानपनापासनं तशीच. मांजरानं दूध सांडलं तरी मीच झाकलं न्हाई म्हनायचीस.

माजं लगीन झालं तवा मी नऊ वरसांची हुते. सासरी आले तवा भरला हंडा उचलत नव्हता, अर्दा भरून दोन खेपा करायची, तर सासूबाई म्हनायच्या पोरगी कामचुकार हाय. त्यांनी काय वंगाळ केलं असं न्हाई म्हनत मी. तुजे आबाबी तवा पोरसवदाच. पर मला कुनी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते. तू झालीस तवाच मनात धरलं, हिला इचारायला येळ मिळाला पायजे. तेवढाच येळ मी मास्तरांकडं मागितला. मला लिवता येत असतं तर मीच लिवलं असतं. हात त्येंचा, बाकी माजं.

तर कागदात नाव घालायचं ते माजं घाल. या पत्रासंगं कोरा कागद हाय, खाली माजा अंगठा हाय. वर काय लिवायचं ते तू लिव. तुजे आबा चिडले तर चिडले. मी बगून घीन.

त्या म्हातारीला म्हनावं, लेक माजी हाय पर थंडीत अंगावर घातलं तुमी. म्या इथनं काय देऊ शकत न्हाई. माज्या खोट्यापायी तुमचं औषद ऱ्हायलं, मनात ठिवू नका.

तुजी आई

चांगुणा, आता माझ्या दोन ओळी, आणि या मी मास्तरांना न विचारता लिहिते. त्यांची नोकरी सव्वा वर्ष उरली आहे. शाळेच्या नोंदीत खोटं लिहिल्याचं वर कळलं तर एकतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडेल, पेन्शनही जाईल. ते तुला हे कधीच लिहिणार नाहीत. मी तुला अडवत नाही. ठरवताना तुझ्यापुढे सगळं असावं, म्हणून लिहिलं.

खुर्शीद

⁂

आयोवा
१३ फेब्रुवारी १९४९

आई, मास्तर आणि खुर्शीदभाभी,

हे पत्र ज्या कागदांवर लिहिलं आहे ते उलटून पाहा. मागे माझा मसुदा आहे, वकिलातीला जाणार होता तो. तुम्ही वाचावा म्हणून त्याच्याच पाठीवर लिहिते आहे. म्हणजे तो आता दुसरीकडे कुठे जाणार नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तो पुन्हा वाचला. त्यात माझ्याबद्दल चार ओळी होत्या आणि मास्तरांबद्दल अकरा. खरं बोलायला निघालेल्या मुलीने स्वतःची चूक चार ओळींत आटोपली होती. आणि आईचं तर नावही घातलं नव्हतं, कारण तिला हे सुचलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी समजत होते की सगळं मास्तरांनी केलं, आई फक्त माझा हात धरून आली होती. आई, मला माफ कर. कायदा समजून घेणारी आमच्या घरातली पहिली बाई मी नव्हते.

मी हाल्वर्सनबाईंना सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात बसून आईचं पत्र इंग्रजीत करून वाचलं. 'मला कुनी इचारलं न्हाई' हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. अर्ध्या भरलेल्या हंड्याचंही. मग विचारलं की तुझी आई केवढी आहे. मी म्हणाले, नक्की माहीत नाही, चाळिशीच्या आसपास असेल. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान बाईने माझ्यासाठी आपलं गुपित उघडं केलं आणि मी शेजारणींना भिऊन बसले आहे.

मंगळवारी दुपारी त्यांनी कोट चढवला, चर्चला घालतात ती टोपी घातली आणि माझा हात धरून दुकानात गेल्या. तोच माणूस होता. त्याची आई बाईंच्याच मंडळात. तो कानापर्यंत लाल झाला. नियमाप्रमाणे विचारावं लागतं म्हणाला, वय किती. बाई म्हणाल्या, "एकाहत्तर. पुरावा हवा असेल तर चर्चमध्ये तुझ्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तेव्हा मी तुझ्या आईशेजारी उभी होते. तू फार रडलास." त्याने मुकाट्याने वही करून दिली.

परत येताना मंडळातल्या दोघीजणी भेटल्या. बाईंनी पिशवी लपवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे, एवढंच म्हणाल्या. दोघी मान वळवून पुढे गेल्या. मला वाटलं, ज्याची भीती होती ते आता होतं आहे. आज चर्चनंतर त्यांतली एक केक घेऊन आली, हवापाण्याचं बोलली आणि निघताना दारात हळूच विचारलं की छातीच्या धडधडीला त्याचा खरंच गुण येतो का.

आता माझं. मास्तर, तुम्ही नोकरीत आहात तोवर या नोंदीचा शब्द माझ्याकडून कुठेही जाणार नाही. पुढे काय करायचं ते आपण सगळे बसून ठरवू. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि तुम्हाला खोटं सांगायचं नाही म्हणून तसं लिहिते. पण माझ्या खरेपणाचं मोल तुम्ही भरावं, मी नामानिराळी राहावं, हे त्याहून पटत नाही. त्या बैठकीत तुम्ही वही घेऊन उभे होतात तेव्हा तुमच्याजवळ कायदासुद्धा नव्हता. आधी मला वाटायचं त्यापेक्षा तुम्ही जास्त एकटे होतात. आज तुमच्या पायांवर डोकं ठेवते ते हे समजून.

खुर्शीदभाभी, तुम्ही लिहिलंत म्हणून मी मोठ्या चुकीतून वाचले. मास्तरांना न सांगता तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी त्यांच्यासमोरच तुमचे आभार मानते आहे. ते रागावले तर मला कळवा.

आई, तुझ्या अंगठ्याचा कागद मी परत पाठवत नाही. त्यावर काही लिहिणारही नाही. आबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे. हाल्वर्सनबाईंनी तुला लोकरीचा रुमाल विणायला घेतला आहे. बेलापुरात एवढी थंडी नसते असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, ते तिला ठरवू दे.

तुमची,
चांगुणा

⁂

बेलापूर
१४ जून १९४९

चि. चांगुणा,

एक तारखेला तू कागदावर एकवीस वर्षांची झालीस. खुर्शीदने शेवया केल्या. तुझी आई आली होती. खांद्यावर निळा लोकरीचा रुमाल होता आणि कपाळावरून घाम वाहत होता. काढ म्हटलं तर काढेना. हाल्वर्सनबाई आता बागेत हिंडू लागल्या, हे मे महिन्यातल्या तुझ्या पत्रातून ऐकून तिला फार समाधान झालं.

आज लिहितो ते वेगळ्या कारणासाठी. गेल्या बुधवारी तुझ्या आईने तुझ्या आबांना सगळं सांगितलं. रानात, काम चालू असताना, एका दमात. त्यानंतर दोन दिवस ते घरातही बोलले नाहीत. तुझी आई मला सांगून गेली की मास्तर, तयारीत राहा.

शुक्रवारी मी चौथीला गणित घालत होतो. दारात तुझे आबा, सहादेवराव, उभे. वहाणा बाहेर काढलेल्या. बरोबर तुझ्या छगनकाकाची धाकटी लेक, बनू. मुलं उठून उभी राहिली आणि मीही. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या शाळेची पायरी चढली नव्हती.

म्हणाले, "जुनी वही दावा. तेहेतीस सालची."

मी कपाटातून काढली. त्यांना वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणाले, माझ्या लेकीचं कुठं हाय ते बोटानं दावा. मी दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर आपलं बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही.

मग ते माझ्याकडे न बघता बोलले. "त्या बैठकीला पोरगी नगरच्या साळंतनं आनली हुती. उंबऱ्यात बसून रडत हुती. मी बगून न बगितल्यासारखं केलं. लोकांफुडं तुमी मला खाली बगायला लावलं म्हनून नऊ वरसं तुमच्याशी बोललो न्हाई. अन तिची आय ह्या नऊ वरसांत माज्या ताटात भाकर वाडताना ह्यातला येक शबूद बोलली न्हाई." पुढे म्हणाले, "तुमी दोगांनी केलं ते बरं केलं, मास्तर. माज्यानं झालं नसतं."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. बनूला पुढे केलं आणि म्हणाले, हिचं नाव घाला.

मी यंदाची वही उघडली. नाव लिहिलं, बापाचं लिहिलं. जन्मतारीख विचारली. म्हणाले, बेचाळीसची, पोलिसांनी गावातली पोरं धरून नेली त्या आठवड्यातली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. मी लेखणी दौतीत बुडवली आणि थांबलो. तुला खोटं सांगणार नाही, मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "सहादेवराव, साल कोणतं लिहू?"

"खरं लिवा," ते म्हणाले. "हिचं लगीन कुनी लवकर उजवायला निघालं तर वही घिऊन यायची गरज न्हाई. मला हाक मारा."

मी खरं लिहिलं. शाई वाळेपर्यंत ते वहीवर वाकून उभे होते.

तुझा,
गनीभाई